बोरूसंदूची प्रधानकी

गोमती सहा वर्षं एका देशाची प्रधान होती. हसू नका. देश लहान होता, एवढंच.

कुंभकोणमात महामकम तळ्याच्या मागच्या अंगाला बोरूसंदू नावाचा बोळ आहे. संदू म्हणजे तमिळमध्ये बोळच. चौदा घरं, एक विहीर, आणि तंजावरच्या दरबारात कधीकाळी बोरू घासणाऱ्यांची ही वस्ती. १९८३ साली कुणा मोजणीदाराच्या नकाशात हा बोळ राहूनच गेला. कागदावर बोळ नाही, म्हणून दिवा नाही, नळ नाही, झाडूवाला नाही. वर्षभर अर्ज खरडून जोडे झिजल्यावर व्यंकोजी मास्तर आपल्या दारापुढच्या तिण्णैवर, म्हणजे ओट्यावर, चढले आणि गरजले, "आम्ही नकाशांत नाहीं ना? सरी, बरें! मग आम्ही तुमचे नव्हेंच!"

झालं. बोरूसंदू स्वतंत्र. पंच्यावर बोरू रंगवून झेंडा केला. रताळं कोरून शिक्का केला. तो आठवड्यात सुकायचा, मग नवं रताळं. माकडखातं, विहीरखातं, आणि शेजारच्या बोळाशी भांडायला परराष्ट्रखातं. वर्षाला एक प्रधान. प्रधानाला मान कसला? गटार त्यानंच उपसायचं, माकडं त्यानंच हाकायची, आणि दुनियेच्या कचेऱ्यांत जाऊन तंडायचंही त्यानंच. पुढे दिवे आले, नळ आले, पण राज्य कुणी मोडलं नाही. गंमत अंगात मुरली की तिचा धर्म होतो.

एकदा पुण्याचे पाहुणे राज्य बघायला आले. गोमतीचं बोलणं ऐकून एक बाई खुदखुदली, "अय्या, किती जुनी मराठी तुमची!"

"जुनी नव्हे हो, वापरांतली," गोमती म्हणाली. "तुमची नवी कोरी. दुकानाची चिठ्ठी अजून तिला लटकते आहे."

अशी ही. तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये कानाला यंत्र लावून बसलेली, एका 'हॅलो'वरून माणूस जेवला की उपाशी ते सांगणारी, आणि जिभेनं सोलून काढणारी. नवरा नाही, पोर नाही. धाकटा भाऊ विजयराघव आणि हे राज्य, एवढाच तिचा संसार.

आता इथला एक रिवाज सांगायला हवा, कारण सगळं त्यावरच अडलं. मासी महिन्यात, म्हणजे आपल्या माघाच्या सुमाराला, मकमच्या म्हणजे मघा नक्षत्राच्या सकाळी, तळ्यावर स्नानाची झुंबड उडालेली असते तेव्हा, बोरूसंदूत नवा प्रधान बसतो. बसण्याआधी आजवरच्या सगळ्या प्रधानांचा पुकारा होतो, शेवटी नव्याचं नाव. जिवंत असेल त्यानं म्हणायचं, "हाजीर." मेला असेल तर त्याच्या घरच्यांनी म्हणायचं, "घर हाजीर." एकाही नावाला ओ मिळाली नाही तर प्रधान बदलत नाही. आहे तोच आणखी एक वर्ष गटार उपसतो. एक प्रधान खुर्ची सोपवायच्या कटकटीला कंटाळून पट्टीश्वरमला पळाला होता, तेव्हा मास्तरांनी हा कायदा केला.

विजयराघव प्रधान झाला त्या वर्षी बोळाच्या तोंडाशी एक लॉज उभं राहिलं. लॉजवाल्यानं गोड बोलून त्याची सही घेतली आणि बोळाचं तोंड गाड्या लावायला बळकावलं. भाऊ भोळा. आजाऱ्याची रिक्षा यायला वाट राहिली नाही हे सही केल्यावर त्याला कळलं. गोमतीनं भर तिण्णैवर त्याला फाडला. "सही करतांना हात होता, डोकें कोठें ठेवलें होतेंस? देश विकलास, देश!" तो तिण्णैवरून उतरला आणि बायको-मुलीला घेऊन तिरुविडैमरुदूरला सासुरवाडीला गेला. लॉजवाल्याशी गोमती एकटी भांडली, जिंकलीही. पण भावाचं नाव घेणं तिनं सोडलं.

तीन महिन्यांनी मकम आलं. खुर्चीची पाळी गोमतीची होती. पुकारा करायला म्हातारे हनुमंतराव उभे राहिले. "विजयराघव!"

सगळ्यांच्या नजरा गोमतीकडे वळल्या. मग गोमती म्हणाली, खणखणीत आवाजात, "घर हाजीर."

जिवंत माणसासाठी. तिण्णैवरच्या बायकांचे हात तोंडाला गेले. शेजारीण शिवकामी पुटपुटली, "अय्यो, काय बोललीस गे?" पण कायद्याप्रमाणे ओ मिळाली होती. पुकारा पुढे गेला, यादी संपली आणि गोमती खुर्चीवर बसली. नंतर पहिल्या घराच्या ओट्यावर केळ्यांची फणी सापडली. कुणा भाविकानं ठेवली असेल म्हणत सगळ्यांनी प्रसाद म्हणून खाल्ली. गोमतीनंही एक खाल्लं.

चार महिन्यांनी विजयराघव वारला.

तेव्हापासून बोळ तिला एकटं सोडीना. दुपारी विहिरीवर असली की मागून चपलेचा फटक-फटक आवाज येई. त्याची डावी चप्पल तशीच वाजायची. वळून पाहिलं तर ऊन. आणि मकमच्या सकाळी हनुमंतराव त्याचं नाव घेत, तेव्हा बोळाच्या तोंडाशी कुणीतरी श्वास घेई. बोलण्याआधी माणूस घेतो तसा. शब्द येत नसे. तीस वर्षं तारेवर तिनं हा श्वास ऐकला होता. पुढचा माणूस आहे, बोलायचं आहे, पण बोलत नाही. आता 'घर हाजीर' म्हणायचा तिचा खराच हक्क होता, आणि तेच दोन शब्द तिच्या तोंडून निघत नसत. ओ नाही, म्हणून नवा प्रधान नाही. सहा वर्षं गटार तिच्याच वाट्याला.

अर्धे म्हणत, "खुर्ची सुटत नाहीं म्हातारीला." अर्धे म्हणत, "भावावर जीव किती! मेला असें म्हणवतच नाहीं तिला." पहिल्यांना ती शिव्या घाली. दुसऱ्यांपुढे मान खाली घालून घरात जाई.

यंदा हनुमंतरावांनी स्वतःच तिरुविडैमरुदूरला फोन केला. मकमच्या सकाळी सातच्या गाडीनं विजयराघवची मुलगी आली. शिवरंजनी, शाळेत गणित शिकवणारी, बापासारखीच कमी बोलणारी. तिनं ओ दिली की गोमती सुटणार होती. म्हातारे खूश. शिवकामीनं कॉफी आणली.

शिवरंजनीनं पेला हातात धरला आणि विचारलं, "अत्या, एक पुसूं? तुम्हांस ठाऊक असेल. त्या मकमच्या दिवशीं अप्पा केळीं घेऊन सकाळच्या गाडीनें निघाले. अक्काशीं समेट करतों, पुकाऱ्याला हाजीर म्हणतों, म्हणाले. दुपारी परत. त्यानंतर त्यांना नांवानें हांक मारली तर ओ देत नसत. अम्मानें मारली तरी. कान गेले म्हणून तंजावरला नेऊन तपासले. कान ठीक होते. येथें काय झालें?"

"येथें कोठें आला तो?" शिवकामी म्हणाली. "आम्ही कोणी पाहिला नाहीं."

हनुमंतरावांनी यादी उघडली होती. गोमतीला एवढंच करायचं होतं: गप्प बसायचं. मुलगी ओ देईल, खुर्ची जाईल, सगळं मिटेल. तिण्णैच्या खांबाला तिनं हात लावला. बोळाच्या तोंडाशी कुणी श्वास घेत नव्हतं. वाट बघत होतं फक्त.

"मी पाहिला," ती म्हणाली.

कुणाला आधी कळलंच नाही.

"आला होता. पुकारा चालला होता तेव्हां तेथें, पहिल्या घरापाशीं, केळीं घेऊन उभा. मी पाहिला. हाजीर म्हणायला तोंड उघडलें होतें त्यानें. त्याच्या आधीं मी बोललें."

"काय बोललां?"

"घर हाजीर."

शिवरंजनीला रिवाज माहीत होता. याच बोळात ती वाढली होती. पेला तिनं ओट्यावर ठेवला, न सांडता.

"पाहून?"

"पाहून."

"न पाहतां बोललां असतां तर रागाच्या भरांत म्हणून सोडलें असतें, अत्या."

"म्हणूनच सांगितलें नाहीं सहा वर्षें."

हनुमंतराव म्हणाले, "पोरी, झालें तें झालें. तूं ओ दे. त्याचा जीव सुटूं दे, हिचाही."

"त्यांच्या जिवाचें एकदां येथूनच ठरवलें गेलें, आजोबा. दुसऱ्यांदा मी ठरवणार नाहीं." ती उठली. "नांव घ्या तुम्ही. मी गप्प राहतें."

नाव घेतलं गेलं. बोळात तळ्यावरच्या गर्दीचा आवाज येत होता. कुणी ओ दिली नाही. हनुमंतरावांनी यादी मिटली आणि कुणाकडे न पाहता म्हणाले, "यंदाही गोमतीच." शिवकामी भरलेला पेला उचलून आत गेली. गोमतीला कुणी कॉफी विचारली नाही.

शिवरंजनी पिशवी घेऊन निघाली. बोळाच्या तोंडाशी थांबली, पण मागे बघितलं नाही. "गाडीला वेळ आहे. अप्पा कोणत्या वाटेनें गेले तें दाखवा."

गोमती चपला न घालताच धावली. स्नान करून ओल्या पंच्यानं परतणाऱ्या माणसांतून दोघी चालल्या. पोर पुढे, म्हातारी दोन पावलं मागे.

"येथून वळला," गोमती सांगत होती. "भिंतीच्या बाजूनें चालला."

"वळण्याआधीं मागें पाहिलें त्यांनीं?"

नाही म्हणणं सोपं होतं. कुणी साक्षीदार नव्हता.

"पाहिलें. थांबला. मीं हांक मारावी म्हणून थांबला."

"आणि तुम्ही?"

"मी यादींत माझें नांव केव्हां येतें तें बघत होतें," गोमती म्हणाली.

शिवरंजनीनं मान हलवली, मुलाचं चुकलेलं उत्तर शेवटपर्यंत वाचून घेतात तशी, आणि भिंतीच्या बाजूनं स्टेशनकडे चालू लागली.