क्वेसारचं अंतर आणि विमलचा प्रश्न

हे मी आजवर कुणापाशी बोललो नाही. बायकोपाशीसुद्धा नाही — आणि आता तर ती राहिली नाही. तुम्हालाच का सांगतोय? मला नीटसं कळत नाही. पण ऐका.

राज्यांची नवी मांडणी झाली, मराठी मुलूख पलीकडे गेला आणि आम्ही बुऱ्हाणपूरकर हिंदी राज्यात राहिलो. कॉलेजात मी पदार्थविज्ञान हिंदीतून शिकवायचो. मराठी उरली होती ती घरात, आणि गणपतीतल्या व्याख्यानांत. मराठीत शास्त्र सांगणारा गावात मी एकटा, याची मला मोठी ऐट होती. ऐट कसली — माजच.

त्या वर्षी मी क्वेसारवर बोललो. तेव्हा नवाच शोध होता तो. दिसायला ताऱ्यासारखा ठिपका, पण अफाट दूरचा. त्याचा प्रकाश तांबड्याकडे सरकलेला असतो. जितका जास्त सरकलेला, तितका तो वेगानं लांब पळतोय. जितका वेग, तितकं अंतर. म्हणजेच, मी हात उंचावून म्हणालो, विश्व फुगतंय! टाळ्या पडल्या.

मग विमल उठली. माझीच विद्यार्थिनी, देडतलाईच्या केळीवाल्यांची मुलगी, शिकायला मामाकडे राहिलेली. वडील शेजारीच बसले होते. तिनं विचारलं, "सर, अंतर तर तुमी वेगावरूनच काढलं. मंग लांबचा जास्त वेगानं पळतो, हे त्याच अंतरावरून कसं सिद्ध होते? अंतर दुसऱ्या तरीक्यानं मोजाले नको? उजेडावरून म्हणावं, तं हरेकाचा उजेड अलग. रस्त्यावर दिवा बारीक दिसला, तं तो लांबच्या ट्रकचा की जवळच्या सायकलचा?"

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या.

खरं सांगू? व्याख्यानाची तयारी करताना मी याच जागी अडलो होतो. मला उत्तर सापडलं नव्हतं, म्हणून तेवढा भाग मी गाळला होता. कोण विचारणार आहे, असं वाटलं होतं. आता सगळ्या गावासमोर पितळ उघडं पडणार — आणि मी काय केलं? हसून म्हणालो, "असले फाटे सासूबाईंपुढे फोडशील, तर दुसऱ्याच दिवशी माहेरी येशील!"

सगळे हसले. तिचे वडीलही हसले, जरा उशिरानं. विमल खाली बसली.

इथवरच असतं तर बोललोही नसतो. माणूस कधी तोंडाचा फटकळ असतो.

पण चार दिवसांनी तिचे वडील घरी आले, केळीची फणी घेऊन. "सर, पोरगी इंदूरले शिकाले जातो म्हणते. इच्छापूरचं स्थळ बी आलं हाये. मले यातलं समजत नाही. तुमी बोलसान तसं करू."

एका शब्दाचं काम होतं. तो शब्द माझ्या तोंडाशी आलाही होता. पण ती इंदूरला जाईल, तिथं हाच प्रश्न कुणा जाणत्याला विचारेल, आणि तो विचारेल, तुझ्या सरांनी काय सांगितलं? — हे माझ्या मनात आलं. आलं, नाही कशाला म्हणू?

मी म्हणालो, "मुलगी गुणी आहे. ज्या घरी जाईल, तिथं नाव काढील."

आपल्याकडे या वाक्याचा अर्थ काय होतो, हे तुम्हाला सांगायला नको. तिला डोकं नाही, असं मी कुठं म्हणालो? — कितीतरी वर्षं मी स्वतःला हेच ऐकवत आलो. वडिलांनी मात्र हात जोडले. त्यांना उत्तर मिळालं होतं.

लग्नाला मी गेलो. आहेर केला, जेवलो. हळदीच्या हातांनी ती नमस्काराला वाकली आणि हळूच म्हणाली, "सर, त्या प्रश्नात माझं कुठं चुकलं होतं? मी लय विचार केला, मले सापडलं नाही."

ती खरंच विचारत होती. टोमणा नव्हता.

"होती एक चूक," मी म्हणालो. "आता कशाला ते?"

तिनं मान हलवली. तिनं माझ्यावर विश्वास ठेवला.