डोक्यातली अफू

माझ्या थोरल्या साडूंसारखा स्वतःच्याच मेंदूवर पाळत ठेवणारा माणूस अख्ख्या नंदुरबार जिल्ह्यात सापडायचा नाही. लोणखेड्याला जीवशास्त्र शिकवून ते निवृत्त झाले, पण शिकवणं काही थांबलं नाही. त्यांचं लाडकं मत असं, की भीती वाटली, मार लागला की मेंदू आपली घरची अफू सोडतो. दुखणं बोथट होतं, पण त्या गुंगीत आठवणही नीट उमटत नाही. हे पडताळायला ते कुठंही वही काढतात. सारंगखेड्याच्या जत्रेत एका गृहस्थाला घोड्याने लाथ मारली. लोक पाणी आणायला धावले आणि हे त्याच्यावर वाकून विचारताहेत, "घोडा कोनता रंगना व्हता?" तो कण्हत म्हणाला, "घोडा? माले वाटनं मोटरसायकल व्हती." साडू इतके खूश झाले, की त्याला त्यांनी पोटभर भजी खाऊ घातली. दाताच्या एका डॉक्टरने तर हात जोडून त्यांना दवाखान्यात यायची बंदी केली आहे.

दुसरं खूळ मिरचीचं. गुंगीत हरवलेली आठवण पुन्हा तशीच गुंगी आली तरच सापडते, असं त्यांनी कुठंतरी वाचलं, आणि मिरचीच्या जळजळीनेही मेंदू अफू सोडतो. मग दर रविवारी ते आमच्याकडे यायचे, शेजारच्या पथारीवर, म्हणजे वाळवणाच्या मैदानात, वाळत घातलेली लाल मिरची मागून आणायचे आणि नुसती चावून डोळे मिटून बसायचे. नाक लाल, कान लाल. माझी बायको गुळाचा खडा घेऊन दाराशी उभी. "काही दिसलं का, भाऊ?" मी विचारायचो. "जीपना आरसा दिसना. बस, तेवढाच."

ती जीप आमचीच. तीन वर्षांपूर्वी अक्कलकुव्याहून येताना ती उलटली. साडूंचा पाय मोडला, पण त्यांना दुखलंसुद्धा नाही. अक्का, म्हणजे त्यांच्या पत्नी, दवाखाना येईपर्यंत बोलत होत्या, मग गेल्या. साडूंना त्यातलं अक्षर आठवत नाही. त्याच सकाळी ठेचा खारट झाला म्हणून त्यांनी ताट सरकवलं होतं आणि अक्का दिवसभर त्यांच्याशी बोलल्या नव्हत्या. तो राग शेवटपर्यंत राहिला का, एवढंच त्यांना हवं होतं. मी शेजारीच होतो, मला ठाऊक होतं. पण सांगायला तोंड उघडलं की ते कानांवर हात ठेवत. "तू सांगू नको. ऐकेल गोष्ट येगळी, याद येगळी." मला त्यांचा राग यायचा आणि मायाही यायची, कारण हा शास्त्राचा हट्ट नव्हता, ते घाबरले होते.

गेल्या उन्हाळ्यात एका रविवारी ते मिरची हातात धरून बसले, पण चावली नाही. "आते काही याद येत नही," म्हणाले. "सांगी टाक. ती काय बोलनी व्हती?"

मी सांगितलं. साडूंकडे बोट करून अक्का म्हणाल्या होत्या, "त्या सकायपशी उपाशी शेतस. पहिले त्यास्ले चहा पाजा."

मिरची त्यांच्या मुठीत तशीच अख्खी होती, तरी डोळे वाहत होते. मिरची खाली ठेवून म्हणाले, "चहा ठेव."

हल्ली मिरची बंद आहे. रविवारी मात्र येतात आणि थोडं बसलं की विचारतात, "ती काय बोलनी व्हती रे? डोकामा ऱ्हात नही." दोष अफूवर ढकलतात. हे विसरणं खोटं आहे, मला कळतं. मी चहाचं आधण ठेवतो आणि पहिल्यांदाच सांगत असल्यासारखं सगळं पुन्हा सांगतो.