दादाचं मेमरी कार्ड

फुकट वाटणाऱ्या माणसाचा मला आधी संशय येतो. जुन्या व्हिडिओ गेमच्या आमच्या ग्रुपवर बोरिवलीचे एक गृहस्थ दुर्मिळ गेमच्या फाइली प्रसादासारख्या वाटतात. यांना यातून मिळतं काय?

पण अडला हरी गाढवाचे पाय धरी. दादा गेल्यावर वहिनीने त्याचं जुनं मेमरी कार्ड मला दिलं. त्यात त्याचा एक अर्धवट खेळ होता, गेमची डिस्क कधीच खराब झालेली. घाटकोपरच्या एका दुकानातून कार्डातलं सगळं लॅपटॉपवर उतरवून घेतलं आणि बोरिवलीकरांकडे गेमची फाइल मागितली.

गेम सुरू झाला. संगीत भलत्याच घाईत वाजत होतं आणि सेव्ह केलेल्या खेळांची यादी रिकामी. यांनीच पुसलं, असं मी ठरवूनही टाकलं. तडक फोन लावला.

"काय घातलंय तुम्ही या फाइलमध्ये?"

"काय नाय हो ताई, ही अमेरिकन फाइल आहे. आपल्याकडे टीव्ही युरोपसारखे, पाल सिस्टिमवाले होते ना, म्हणून युरोपवाले गेम यायचे. ते जरा स्लो चालतात, आणि त्यांचं सेव्ह अमेरिकनला दिसतच नाय. बरोबरवाली टाकतो. पण ग्रुपचा रूल माहितीये ना?"

माहीत होता. फाइल चालली की आपला सेव्ह केलेला खेळ सगळ्यांसाठी ग्रुपच्या फोल्डरमध्ये टाकायचा, मग जो तो तिथून पुढे खेळतो. म्हणजे ही मेख होती तर!

दुसरी फाइल आली. संगीत आमच्या घरी वाजायचं तसंच, संथ. यादीत एकच खेळ. दादाचा योद्धा किल्ल्याबाहेरच्या पुलावर उभा होता, पुढे फक्त शेवटची लढाई. योद्ध्याला त्याने माझं घरातलं नाव दिलं होतं. मी तोंडावर ओढणी दाबून रडले.

मेसेज आला, "उघडलं का ताई?"

उद्या कांदिवलीतला कोणीतरी चहा पिता पिता ही लढाई संपवेल आणि वर लिहील, झकास. मी लिहिलं, "नाही."

"सॉरी ताई. दुसरी शोधतो."

तेव्हापासून शोधताहेत. कालही एक फाइल आली, सोबत मेसेज, "ही नक्की चालेल बघा." माणूस चांगला आहे, हे मला आता कळतं.

मी पुन्हा "नाही" लिहिलं.