पेठला नाचलेली पद्मिनी

माझी बायको सुमन एका गुरुवारी सकाळी वारली. जुन्या गाड्यांच्या रॅलीत तिने आमची नावं देऊन ठेवली होती. गाडी ती चालवणार, नकाशा बघून रस्ता मी सांगणार. मला गाडी येत नाही. तेरावं झाल्यावर तिची धाकटी बहीण वत्सला म्हणाली, मी चालवते. पण आधी पेठपर्यंत जाऊन धड परत यायचं, नाही जमलं तर नाव काढून घ्यायचं. मी कबूल झालो.

गंगापूर रोडवरच्या घरून आम्ही निघालो आणि पेठ रोडच्या गॅरेजमधून मेकॅनिक सलीमभाईंना घेतलं. रॅलीचा रस्ता खडबडीत, म्हणून त्यांनी आमच्या जुन्या पद्मिनी गाडीच्या मागच्या पाट्यांत (गाडीचा भार पेलणाऱ्या पोलादी पट्ट्या) दोन्हीकडे एकेक पाटा वाढवला होता. गाडीचं बूड इतकं उंचावलं होतं की ती येणाऱ्याजाणाऱ्याला वाकून नमस्कार करते आहे असं वाटे. सलीमभाई मागे बसले आणि बूड जागेवर आलं. ते अंगाने भरभक्कम आहेत.

सावळघाट सुरेख पार पडला. सागाची झाडं मागे पडत होती आणि वत्सला चक्क गुणगुणत होती. पेठला सलीमभाई एका टपरीवर चहाला उतरले. आम्ही गाडी वळवून आणायला पुढे गेलो, तर पहिल्याच खड्ड्यात गाडी बकरीसारखी उडाली. माझं डोकं छताला लागलं, नकाशा वत्सलाच्या तोंडावर.

"भाऊजी, रस्ता कुठंय?"

"तुझ्या नाकावर."

उड्या मारतच टपरीवर परतलो. तिथल्या मावशींनी नागलीची (नाचणीची) भाकर आणि तिखट चटणी पुढे ठेवली. उंच बुडाकडे बघत त्यांनी विचारलं, "माल कुठं खाली केला?"

"माल चहा पितोय," वत्सला म्हणाली.

सलीमभाईंनी कप खाली ठेवला. त्यांनी गाडीचं बूड हाताने दाबून पाहिलं.

"सर, चुकलं माझं. रोज द्राक्षाच्या पिकअप उचलतो. तुमची गाडी बी मालासाठीच उचलली, मागं वजन नसलं की उडणारच."

वत्सलाने त्यांनाच रॅलीत मागे बसवायचं सुचवलं. पण गाडीत दोघांनाच परवानगी होती. मग त्यांनी तिथेच जॅक लावला आणि वाढवलेले पाटे काढून टाकले. परीक्षा खरी व्हावी, गाडीत आम्ही दोघंच असावं, म्हणून सलीमभाई ते पाटे खांद्यावर घेऊन स्वतः एसटीने निघाले. कंडक्टरशी त्यांची बाचाबाची आम्हाला लांबवर ऐकू येत होती.

परतीच्या घाटात मी वळणं सांगत होतो. मागचं बूड आता खड्डा घेऊन शांतपणे बसत होतं. एका आखूड वळणाला मी म्हणालो, "सुमन, डावीकडे."

वत्सलाने गाडी डावीकडे घेतली. थोड्या वेळाने विचारलं, "पुढे?"

मी पुढचं वळण सांगितलं.

दिवेलागणीला घरी पोचलो. रॅलीतलं नाव आम्ही काढलेलं नाही. गाडी आहे, वत्सला आहे, रस्ता सांगायला मी आहे.