पुरात नेसायची साडी

नदीला पूर आला की आमच्या इस्त्रीवाल्या काकू नटायच्या. महापालिकेची गाडी भोंगा लावून गल्लीत शिरायची, धरणातून पाणी सोडणार आहेत, सुरक्षित ठिकाणी जा, असं ओरडत पुढे निघून जायची आणि मागे घराघरांत एकच पळापळ उडायची. कुणी रेशनकार्ड शोधतंय, कुणी गॅसची टाकी माळ्यावर चढवतंय, कुणी गादी कुठे ठेवू विचारत गादीसकट दारात उभं. काकू मात्र आपल्या पितळी इस्त्रीतल्या कोळशांवर फुंकर घालत बसलेल्या असायच्या. शेजारी त्यांची जांभळी, मोरपंखी काठांची साडी. "पानी यायचं तवा यील," त्या म्हणायच्या, "पर मी काय चुरगाळल्याली निघनार न्हाई."

आमची गल्ली पवनेच्या काठाला. पूल ओलांडला की पिंपळे सौदागर आणि तिथल्या उंच सोसायट्या. त्यांच्या जाहिरातीत लिहिलेलं असायचं की बाल्कनीतून नदी दिसते. आमच्याही घरातून नदी दिसायची, आणि बहुतेक पावसाळ्यांत तर ती घरातच दिसायची. गल्लीत आम्ही बहुतेक धाराशिव-बीडकडून पोटापाण्यासाठी आलेले. वडील भोसरीत लेथवर, मी चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला. काकू तेवढ्या इथल्या, मूळच्या मावळातल्या. त्यांचे यजमान एका फाउंड्रीत होते, ते लवकर गेले. तेव्हापासून काकूंनी पुलापलीकडच्या एका सोसायटीच्या गेटाशी, झाडाखाली इस्त्रीचं टेबल मांडलं आणि त्यावर दत्ताला, म्हणजे त्यांच्या मुलाला, आयटीआय करवून नोकरीला लावलं.

काकूंना माणूस आधी कपड्यातून कळायचा, मग तोंडावरून. एकदा माझा कंपनीचा शर्ट उलटा करून त्यांनी पाठीवरची आडवी चुणी दाखवली आणि चार गिऱ्हाइकांसमोर विचारलं, "काय रं, शिफ्टला जातोस का झोपायला जातोस?" मी लाल झालो. कोळशाची इस्त्री सोडून विजेची घ्या, असं दत्ता कितीदा म्हणाला. काकूंचं उत्तर ठरलेलं असायचं. पूर आला की पहिल्यांदा वीज जाते, आणि नेमकी त्याच दिवशी त्यांना इस्त्री लागायची.

या नटण्याची सुरुवात एका अपमानातून झाली. मी तेव्हा शाळेत होतो. पाणी अचानक चढलं, होतो तसे सगळे निघालो आणि महापालिकेच्या शाळेत जाऊन बसलो. दुपारी सोसायटीतल्या काही बाया जुने कपडे घेऊन आल्या. त्यांतल्या चौथ्या मजल्यावरच्या मॅडमनी एक पिवळी रेशमी साडी काकूंच्या हातात ठेवली आणि म्हणाल्या, "घ्या मावशी, अजून चांगली आहे." ती साडी काकूंनी कितीदा तरी इस्त्री केलेली. दर आठवड्याला कपड्यांचा गठ्ठा घेऊन त्या याच मॅडमच्या दारात उभ्या राहायच्या. पण ओला पदर डोक्यावर, गुडघ्यापर्यंत चिखल, अशा अवतारात मॅडमनी त्यांना ओळखलंच नाही. बाई मनानं वाईट नव्हत्या. काकूंनी साडी घेतली आणि काखेत धरून ठेवली.

पाणी ओसरल्यावर लोक घरातला चिखल काढत होते तेव्हा काकूंनी आधी इस्त्री पेटवली. पिवळी साडी धुवून, वाळवून, काठ जुळवून घडी केली आणि चौथ्या मजल्यावर जाऊन बेल वाजवली. "ताई, तुमची साडी ऱ्हायली व्हती माज्याकडं." परत आल्यावर काकू माझ्या आईला म्हणाल्या, "तिची चूक न्हाई गं. मी वळखायसारखी दिसतच नव्हते. पर आता परत न्हाई." हे 'परत न्हाई' त्यांनी अशा आवाजात म्हटलं की आईनं हातातला खराटा खाली ठेवला.

पुढच्या पावसाळ्याच्या तोंडावर काकू घरोघर फिरल्या. प्रत्येकाकडून ठेवणीतला एकेक जोड मागून घेतला, कडक इस्त्री करून परत दिला आणि हाताशी ठेवायला बजावलं. पूर आला की हेच घालून निघायचं. बायका हसल्या. चांगल्या साड्या कुणी पुरात नेसतं का? काकू म्हणाल्या, "पेटीत ठिवशील तर नदी नेसंल. त्यापरीस तू नेस." एक म्हातारी कुजबुजली की नवरा नसलेल्या बाईनं एवढं जांभळं कशाला नेसावं. काकूंनी मान वर केली. "नवरा गेला, साडी न्हाई गेली," त्या म्हणाल्या आणि पुढच्या घरी गेल्या.

त्या वर्षी गल्ली जी निघाली ती बघण्यासारखी होती. वडील लग्नातल्या सफारीत, पोटाची बटणं कशीबशी लावलेली. आई पैठणीत. समोरचे सूर्यवंशी चक्क फेट्यात. पाण्यातून जाईपर्यंत साड्या वर खोचलेल्या आणि डांबरी रस्ता लागला की सगळ्या बायांनी एकदम खाली सोडलेल्या. पुलावर पाणी बघायला गर्दी जमलेली, सगळ्यांचे मोबाईल आमच्यावर रोखलेले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. काकू मात्र मध्येच थांबल्या आणि ओरडल्या, "नीट काढा रं फोटू! काठ यिऊ द्या!"

खरी गंमत शाळेच्या गेटावर झाली. खिचडीची पाकिटं घेऊन एक टेम्पो आला. आतल्या पोरांनी आम्हाला पाहिलं आणि ड्रायव्हरला म्हणाले, "इथं लग्न आहे वाटतं. पूरग्रस्त कुठे आहेत, विचार." टेम्पो वळायला लागला. आमच्या पोटात कावळे कोकलत होते आणि वडील काकूंकडे असे बघत होते, की बघा तुमच्या इस्त्रीचा प्रताप. काकू सरळ टेम्पोच्या आडव्या उभ्या राहिल्या. "आमीच पूरग्रस्त. का, रडत बसायला पायजे व्हतं?" पोरगा ओशाळला. "नाही मावशी." "मंग द्या. आन फेकू नका, हातात द्या." त्या दिवशी प्रत्येक पाकीट हातात मिळालं, आणि वर पोरगा प्रत्येकाला नमस्कार करत होता.

साडीनं पूर अडत नाही, हे काकूंनाही कळत होतं. परत जावं तर भिंती कमरेपर्यंत ओल्या, फ्रीज गेलेला, पिठाच्या डब्यात गाळ. काकू जांभळी साडी सोडून घडी करायच्या, उंचावर ठेवायच्या, जुनेर नेसून फावडं घ्यायच्या आणि पहिली घमेली स्वतः भरायच्या. तेव्हा त्यांच्या तोंडी नदीला ज्या शिव्या असायच्या त्या इथे लिहिता येत नाहीत. पण गल्ली सोडायचं नाव नाही. दत्तानं पुढे चाकणला सातव्या मजल्यावर फ्लॅट घेतला तरी त्या हलल्या नाहीत. म्हणायच्या, "तितनं नदी दिसत न्हाई. वैरी कसा, नजरंसमोर असल्याला बरा."

माझं लग्न याच पाण्यात अडकून पडलं होतं. नोकरी पर्मनंट, व्यसन नाही, पण मुलीकडचे गल्लीचं नाव ऐकलं की विचार करून कळवतो म्हणायचे आणि कळवायचे नाहीत. दोन-तीन स्थळं तशीच गेली. आईनं तर देवाशीही माझ्याविषयी बोलणं सोडून दिलं होतं. मग तळेगाव दाभाड्याहून सुवर्णाचं स्थळ आलं. ती तिथल्याच एका कंपनीत पॅकिंगला होती. तिचा फोटो पाहिला आणि खरं सांगतो, हे स्थळ जाऊ नये असं मला पहिल्यांदाच मनापासून वाटलं. रविवारी घरी येऊन घर-माणसं बघायचं ठरलं. आणि त्याच रविवारी सकाळी भोंग्याची गाडी आली.

"गेलं बघ लेकरा, ह्ये बी स्थळ गेलं," म्हणत आई शाळेच्या पायरीवर बसून रडायला लागली. मी मुलीच्या वडलांना फोन लावला. घरात कुणीतरी आजारी आहे, पुन्हा कधीतरी या, असं सांगायचं ठरवलं होतं. काकूंनी माझ्या कानाला लावलेला फोन काढून घेतला. "नमस्कार पाव्हनं. मी पोराची काकू. आमच्याकडं पानी आलंय, आमी समदे शाळंत हाय. या तुमी. पत्ता तेवढा बदललाय." एवढं बोलून त्यांनी फोन बंद केला.

मी इतका चिडलो होतो की काकूंना नको ते बोललो. माझ्या लग्नाचा तमाशा करू नका म्हणालो. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "शर्ट काढ." वर्गातल्या बाकावर घोंगडी टाकून, सोबत आणलेल्या इस्त्रीत चुलीतले निखारे भरून त्यांनी माझ्या शर्टाला इस्त्री फिरवायला घेतली. बाहीवर आल्यावर मान वर न करता बोलल्या, "खोटं बोलून बायकू आनशील रं. मंग पुढच्या पुरात तिला काय सांगशील?" शर्ट गरम होता तसाच घातला.

पाहुणे आले. लहान मुलांच्या बाकांवर गुडघे वर करून बसले. भिंतीवर पाढे, कोपऱ्यात गाद्यांची चळत, आणि छावणीच्या चुलीवर केलेले पोहे द्रोणातून. सगळी गल्ली ठेवणीतले कपडे घालून आजूबाजूला बसलेली. मुलीच्या आईनं पोहे खाली ठेवले आणि स्पष्ट विचारलं, "दरवर्षी असं होतं का हो?" माझ्या आईनं माझ्याकडे पाहिलं. काकू म्हणाल्या, "व्हय. येखादं साल सुटतं, न्हाई तर येतंच." मुलीचे वडील एकेकाच्या कपड्यांकडे बघत होते. "आणि हे सगळे असे... आमच्यासाठी?" काकूंना खोटं बोलवलं नाही. "न्हाई हो. पुरासाठी."

सुवर्णा खाली बघून हसत होती. तिच्या वडलांनी तिला रिवाजाप्रमाणे म्हटलं, तुला काही विचारायचं असेल तर विचार. मला वाटलं, पगार विचारेल, घर बदलणार का विचारेल. तिनं माझ्याकडे बघितलंही नाही. काकूंकडे वळून म्हणाली, "पाणी आलं की मी काय नेसायचं?" काकूंनी मांडीवर थाप मारली. "लग्नातला शालू! दुसरं काय!" आई पुन्हा रडायला लागली, पण या वेळचं रडणं निराळं होतं.

लग्नानंतर सुवर्णा माझी बायको कमी आणि काकूंची शिष्या जास्त झाली. कोळसा किती तापवायचा, रेशमावर ओलं फडकं कसं धरायचं, सगळं शिकली. काकूंचे गुडघे पार गेले तेव्हा दत्तानं त्यांना जवळजवळ उचलूनच चाकणला नेलं. जाताना त्यांनी इस्त्री सुवर्णाच्या हातात दिली. जांभळी साडीही आमच्याकडेच ठेवली. "नदी चढली की कळव," म्हणाल्या, "मी यीन." सातव्या मजल्यावरून पुराला कशाला यायचं, असं मी विचारलं. त्यांना माझ्या प्रश्नाचा राग आला. "पूर माजा हाय," म्हणाल्या. आणि खरंच, पुढच्या पुराला त्या रिक्षानं थेट शाळेच्या गेटावर उतरल्या, वर्गात जाऊन जांभळी साडी नेसल्या आणि रांगेत उभं राहून खिचडीचं पाकीट घेतलं. हातात.

गेल्या उन्हाळ्यात एका सकाळी दत्ताचा फोन आला. काकू झोपेतच गेल्या होत्या. नदी तेव्हा कोरडीठाक पडलेली. सुवर्णानं इस्त्री खाली काढली, कोळसे भरले आणि ती वारा घालायला लागली. डोळ्यांतलं पाणी गालावरून ओघळत होतं, पण हात थांबला नाही. आईनं ते पाहिलं आणि घरात जाऊन पैठणी काढली. मग समोरचे सूर्यवंशी फेटा बांधायला बसले. कुणी कुणाला काही सांगितलं नाही.

टेम्पो करून आम्ही चाकणला पोहोचलो. गेटवरच्या वॉचमननं आमच्याकडे पाहिलं आणि वही पुढे करत विचारलं, "लग्न कुठल्या विंगमध्ये आहे?" वडलांची सफारी आता पुढून मिटतच नव्हती. ते म्हणाले, "लग्न न्हाई बाबा. आमच्या काकू निघाल्यात."

वर गेलो तर नातलग बायका खोळंबल्या होत्या. काकूंच्या नणंदेनं पांढरी साडी आणली होती. सुवर्णानं हातातली घडी उलगडली तशी नणंद म्हणाली, "अगं, विधवा बाईला हे रंगीत?" सुवर्णा मागे सरली नाही. "आत्याबाई, नवरा गेला, साडी नाही गेली. हे काकूंचंच बोलणं आहे. त्या घर सोडून निघाल्यात. अशा कशाही निघायच्या नाहीत." नणंदेनं दत्ताकडे पाहिलं. दत्तानं मान हलवली. आई आणि सुवर्णानं मिळून काकूंना जांभळी साडी नेसवली, पदर खांद्यावर नीट घेतला, मोरपंखी काठ जुळवले. सुवर्णानं शेवटचा हात फिरवला आणि बाजूला झाली. काकू निघाल्या तेव्हा साडीवर एकही चुणी नव्हती.