पहिल्या टिंबापासून पुढचं

माझ्या वहिनी कृत्रिम पाय बनवणाऱ्या कारखान्यात सव्वीस वर्षं आहेत. कारखाना म्हणजे चार खोल्या. एकीत प्लास्टर, एकीत भट्टी, एकीत घासायची यंत्रं आणि शेवटच्या खोलीत वहिनींचा कॉम्प्युटर. उरलेल्या पायाचं माप घ्यायचं, साचा करायचा आणि त्यावरून तो पाय ज्यात बसतो ती वाटी बनवायची, हे त्यांचं काम. वाटी सुतभर चुकली तरी माणसाला फोड येतात. आपण चेहरे लक्षात ठेवतो, वहिनी पाय लक्षात ठेवतात. लग्नात भेटलेल्या माणसाचं नाव त्यांना आठवत नाही, पण ‘डावा, आतून हाड वर आलेलं’ म्हटलं की अख्खा माणूस डोळ्यांपुढे उभा राहतो. दादा म्हणतो, “माझा चेहरा हिला आठवतो, तो रोज समोर असतो म्हणून.”

पूर्वी साचे फळ्यांवर रांगेने ठेवलेले असत. जागा पुरेना, तेव्हा ते यंत्राने कॉम्प्युटरमध्ये उतरवायचे आणि फोडून टाकायचे असं ठरलं. फाइलींना नावं वहिनींनी दिली, स्वतःच्या पद्धतीने. माणसाचा नंबर, टिंब, डावा की उजवा, टिंब, कितवी वाटी. २०७.उजवा.३ म्हणजे दोनशेसात नंबरच्या माणसाच्या उजव्या पायाची तिसरी वाटी. त्यापुढे आणखी एक टिंब देऊन कॉम्प्युटर आपलं शेपूट लावी, फाइल कोणत्या प्रकारची आहे ते सांगणारी तीन अक्षरं.

यंदा फाइलीवरून साचा कोरणारं नवं यंत्र आलं आणि त्याला शेपटं चालेनात. नुसतं नाव हवं. वहिनी एकेका फाइलचं शेपूट हाताने खोडत बसल्या. दर वेळी कॉम्प्युटर विचारी, खरंच बदलायचं का, आणि दर वेळी त्या हो म्हणत. फाइली होत्या एकोणीसशे. साठ झाल्या, त्या त्यांनी वेगळ्या ठेवल्या, आणि मान धरली.

रविवारी दुपारी त्या बाकीच्या फाइली एका छोट्या डिस्कवर घेऊन वरच्या मजल्यावर माझ्याकडे आल्या. मी बावीस वर्षं प्रोग्रॅम लिहितो.

“भाऊजी, तुम्हाला पाच मिनिटांचं काम असेल.”

“पाच कसली, दोन,” मी म्हटलं.

चार ओळी लिहिल्या. नावात टिंब शोध, पहिल्या टिंबापासून पुढचं सगळं काप, उरेल ते नवं नाव. त्या नावाची फाइल आधीच असेल तर तिच्यावर लिही. ही शेवटची सूचना मी का दिली? कारण ती नसली की प्रोग्रॅम मध्येच थांबून कुरकुर करतो, आणि मला चहा प्यायचा होता. आधी माझ्या दोन फाइलींवर चालवून पाहिला. माझ्या नावांत टिंब एकच असतं, त्यामुळे सगळं बरोबर झालं. मग वहिनींच्या फाइलींवर सोडला.

वहिनी पडद्याकडे बघत म्हणाल्या, “कमी दिसतायत.”

“शेपटं गेली ना, म्हणून सुटसुटीत दिसतायत.”

उचलली जीभ लावली टाळ्याला. वहिनी हसल्यासुद्धा. या घरात कॉम्प्युटरचं मला कळतं हे ठरलेलं होतं, म्हणून त्यांनी पुन्हा विचारलं नाही. सोमवारी कारखान्यातल्या जुन्या फाइली काढून त्यांनी त्या जागी या भरल्या. अडीअडचणीसाठी ठेवलेली दुसरी प्रतही त्याच संध्याकाळी बदलली गेली.

तीन आठवड्यांनी दोनशेसात नंबरचा माणूस आला. शिंपी आहे, पायाने चालवायच्या शिलाई मशीनवर बसतो. पाचवी वाटी त्याला चावत होती, मांस सोलून निघालं होतं. चौथीही कधी धड बसली नव्हती. तिसरी मात्र त्याने सहा वर्षं वापरली, एक फोड आला नाही. ती तडकली म्हणून कारखान्यात जमा केली होती, आणि तिथून ती केव्हाच मोडीत गेली होती. “ताई, मला तिसरीच पुन्हा करून द्या,” तो म्हणाला. वहिनींनी कॉम्प्युटर उघडला. २०७ नावाची एकच फाइल होती, पाचवीची.

त्या संध्याकाळी जिना चढून वर आल्या आणि खुर्चीत बसल्या. “भाऊजी, बाकीच्या कुठे गेल्या?”

मला कळायला अर्धं मिनिट लागलं. पाचही फाइलींचं नाव २०७ झालं होतं आणि एक दुसरीवर चढत गेली होती. हरवलेलं परत आणायचे जेवढे प्रोग्रॅम मला माहीत होते तेवढे दोन दिवस चालवले. काही निघालं नाही. माझ्या चार ओळींत ‘पहिल्या’च्या जागी ‘शेवटच्या’ केलं की सगळं बरोबर होत होतं. तेही केलं. बैल गेला आणि झोपा केला. वहिनींनी हाताने केलेल्या साठ तेवढ्या धड राहिल्या.

कारखान्यात त्यांनी सांगितलं, माझ्या हातून झालं. साहेबांनी लेखी ताकीद दिली, कॉम्प्युटर काढून घेतला आणि छप्पन्नाव्या वर्षी त्यांना घासायच्या यंत्रावर उभं केलं. घरी येतात तेव्हा भुवयाही पांढऱ्या असतात.

“मी येऊन साहेबांना खरं सांगतो,” मी म्हटलं.

“काय सांगाल? लोकांच्या पायांची मापं मी घरी नेली, हेच ना? मग तर कामावरूनच काढतील. गप्प बसा.”

तेव्हापासून मी मूग गिळून आहे. मला लाज वाटते, आणि आता त्या लाजेचाही शीण येतो.

शनिवारी वहिनी शिंप्याच्या घरी जातात, हाताने साचा घ्यायला. तिसरीचा आकार बोटांना आठवतोय म्हणतात. प्लास्टरची पिशवी आणि बादली मी उचलतो. तीन वाट्या झाल्या, तिन्ही चावल्या. परवा चौथ्या साच्यासाठी गेलो. मशीनवर चादर टाकलेली होती आणि अर्धवट शिवलेले कपडे खुंटीला तसेच होते. दोन महिने त्याने पायडल मारलेलं नाही. वहिनी गुडघे टेकून जमिनीवर बसल्या, ओल्या पट्ट्या गुंडाळल्या आणि मला त्याची मांडी धरायला सांगितलं. जखम अजून लालच होती.

“हे कोण?” त्याने विचारलं.

“माझे दीर. कॉम्प्युटरचं काम करतात.”

“मग यांनाच विचारायचं की ताई, त्यातून काही निघतं का. घरचाच माणूस आहे.”

वहिनींनी मान वर केली नाही. “विचारलं. दोन दिवस बसले होते. नाही निघालं.”

प्लास्टर सुकेपर्यंत हलायचं नव्हतं, म्हणून मी मांडी धरूनच होतो. शिंप्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला.

“तुम्ही एवढे कष्ट घेतलेत,” तो म्हणाला, “माझ्यासाठी आजवर कुणी घेतले नव्हते.”

मी मान डोलावली.