टाच खाली

काठी आडवी धरली की शाळा नाही. उभी धरली की शाळा. खात्याच्या कुठल्याच परिपत्रकात हे लिहिलेलं नव्हतं, पण पावसाळ्यात आमची शाळा चालायची ती याच नियमावर.

काठी धरणारे काका शाळेचे कोणी नव्हते. ते उघाडी सांभाळत. वसईच्या खाडीला लागून भातशेती आहे. तिच्यात खारं पाणी शिरू नये म्हणून मातीचे बांध घातलेले असतात आणि बांधात एक दार ठेवलेलं असतं, ती उघाडी. भरती लागली की फळ्या टाकून दार बंद करायचं, ओहोटी लागली की फळ्या काढून शेतातलं पावसाचं पाणी खाडीत सोडायचं. मिठागरालगतची वाडी बांधाच्या पलीकडच्या टोकाला, शाळा अलीकडच्या. वाडीतल्या अकरा पोरांना शाळेत यायला दुसरी वाट नव्हती. उघाडीपासून शाळेच्या बाजूला बांध खचला होता. उधाण आणि पाऊस एकत्र आले की तिथली वीसेक पावलं पाण्याखाली जात, आणि ते पाणी साचलेलं नसे, ओढीचं असे.

पोरांना सोडायचं की नाही हे काकांना कोणी ठरवायला सांगितलं होतं, असं नाही. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. त्यांच्या हाती अधिकार काही नसतो, म्हणूनच सगळे त्यांना विचारतात. आमचे हेडमास्तर वसई गावातले केळीचे बागायतदार, भला माणूस. त्यांच्याकडे एक कागद होता. त्यात लिहिलं होतं की अतिवृष्टीत परिस्थिती पाहून निर्णय घ्यावा. पण परिस्थिती वाईट असली की त्यांची सायकलच शाळेपर्यंत पोहोचत नसे. रेडिओवर मच्छीमारांनी समुद्रात जाऊ नये असं सांगत. बांधावरून शाळेला निघालेल्या पोरांबद्दल त्यात काही नसे.

मी मूळची संगमनेरकडची. आमच्याकडे पाणी एकाच दिशेने वाहतं. सत्तर साल उलटल्यावर दोन-तीन वर्षांनी मी इथे नोकरीला आले तेव्हा भरती-ओहोटी मला भूगोलाच्या पुस्तकापुरती ठाऊक होती. पहिल्याच जुलैत काका सकाळी शाळेच्या ओट्याशी आले. डोक्यावर गोणपाट, कमरेला कोयता, हातात त्यांच्या खांद्याएवढी काठी.

"बाय, आज भांग हाय. पोरां येतील," एवढं सांगून गेले.

मी हेडमास्तरांकडे तक्रार केली, की उघाडीवरचा माणूस सकाळी दहाला भांग पिऊन येतो आणि स्वतःच सांगतो. हेडमास्तर इतके हसले की त्यांना चष्मा काढून पुसावा लागला. उधाणाची भरती मोठी, भांगाची लहान, हे मला तेव्हा कळलं. काकांच्याही कानावर ते गेलं. त्यानंतर कित्येक वर्षं ते मला विचारत, "बाय, आज मी प्यालोय का उधान हाय?"

त्यांची काठी तुम्ही जवळून पाहायला हवी होती. तिच्यावर खालच्या बाजूला कोयत्याने पाडलेल्या खाचा होत्या, दर वर्षाची एक. शाळा उघडायच्या दिवशी काका त्या वर्षीच्या सगळ्यात लहान पोराला उघाडीच्या दगडावर उभं करत, काठी शेजारी टेकवत आणि गुडघ्याच्या वाटीशी खाच पाडत. मग अख्खा पावसाळा, खचलेल्या जागी काठी बुडवायची आणि बघायचं. पाणी खाचेच्या खाली, तर काठी उभी. पाणी खाचेवर, तर काठी आडवी. मोठ्या पोरांचं काय, असं मी एकदा विचारलं होतं.

"मोठा बारक्याचा हात धरतं," काका म्हणाले. "बारका पडला तं मोठा पन जातं. म्हनून बारका मोजायचा."

पोरं लबाड. खाच जितकी खाली, तितक्या सुट्ट्या जास्त, हे त्यांना कळलेलं. ज्याला दगडावर उभा करणार त्याला आधीच शिकवून ठेवत, की गुडघे वाकव. काका काठीने त्याच्या पोटरीवर हलकेच मारत. "उभा रा नीट. सुट्टी गुडघ्यात नको लपवू."

एका जूनमध्ये मात्र उलट झालं. त्या वर्षी पहिलीत आलेली मुलगी सगळ्यात लहान होती, म्हणून सगळे तिला बारकीच म्हणत. तिला शाळेचं वेड. दाखल करायच्या आधी वर्षभर ती रोज बांधावर येऊन पोरांच्या पाठी रडायची. ती दगडावर उभी राहिली आणि हळूच टाचा उचलल्या. गुडघा बोटभर वर गेला.

तिची आई शेजारी उभी होती. हसली. "काका, तिला सुट्टी नको हाय. कापा तशीच."

"पान्याला काय ठावं हिनं टाच उचलली ते?" काका म्हणाले, आणि दोन्ही हातांनी तिचे घोटे धरून दाबले. "टाच खाली, बाय. टाच खाली."

मी तिथेच होते. बारकीचं तोंड एवढंसं झालं. काकांनी खाच पाडली.

त्या वर्षी ऑगस्टमध्ये आमच्या शाळेची तपासणी लागली. मी आदल्या दिवशी उघाडीवर जाऊन काकांना सांगून आले, की उद्या साहेब येणार, पट पूर्ण दिसायला हवा. बारकीची मी कविता बसवून घेतली होती. एवढी लहान मुलगी न अडखळता म्हणते हे साहेबांना दाखवायचं होतं. खरं सांगायचं तर ते माझं काम दिसावं, हा त्यातला मोठा भाग.

"पुनव जवळ हाय, बाय," काका म्हणाले. "बघू पानी काय सांगतं."

सकाळी वारा असा सुटला की शाळेची दोन कौलं माझ्या देखत उडाली. साडेदहाच्या सुमारास मी बांधावर गेले. छत्री उलटी झाली, ती मिटून काखेत धरली. पलीकडे काका, त्यांच्यामागे खताच्या पिशव्यांच्या खोळी घेतलेली अकरा पोरं. मध्ये वीस पावलं पाणी. काकांनी काठी बुडवली, वाकून पाहिलं, उचलली आणि अंगठा खाचेवर ठेवून मला दाखवली. ओल खाचेच्या वर गेली होती; किती, ते त्यांनी दुसऱ्या हाताने दाखवलं. एक बोट.

मी ओरडले, "येऊ द्या काका. एवढ्याने काही होत नाही. मी इकडून हात देते."

त्यांनी काठी आडवी धरली.

दहा पोरं उड्या मारत घरी पळाली. बारकी हलेना. तिच्या केसांना लाल रिबिनी होत्या, भिजून लोंबत होत्या. काकांनी तिला खांद्याला धरून वळवलं. वाऱ्यातून मला तुटक ऐकू आलं, "उद्या म्हन गो. साहेब काय कुठं जात नाय."

साहेब आलेच नाहीत. हेडमास्तरही आले नाहीत. मी अलीकडच्या गावातल्या चार मुलांना घेऊन कोरड्या राहिलेल्या वर्गात बसले आणि रागाच्या भरात हजेरीपुस्तकात वाडीच्या अकरा गैरहजेऱ्या मांडल्या. बारकीच्या नावापुढची ती शेवटची खूण.

दुपारी एकच्या सुमारास तिच्या घराची मागची भिंत आत पडली. दगड-मातीची भिंत, आठ दिवस पाणी पीत होती. आई पुढच्या दारी पागोळ्यांखाली भांडी लावत होती. पोरगी शाळा नाही म्हणून रडून रडून भिंतीशी झोपली होती. चार वर्षांचा धाकटा भाऊ आईच्या पदराला होता, तो वाचला.

दुसऱ्या दिवशी मी वाडीवर गेले. काका उघाडीच्या दगडावर बसले होते. मी काय बोलायचं ते ठरवून गेले होते. पण आधी काकाच बोलले.

"बाय, तू येऊ द्या म्हनालीस."

"काका, मला पाण्यातलं काय कळतं? मी साहेबांसाठी म्हणाले."

"म्हनालीस पन."

मी बरोबर ठरले होते, चुकीच्या कारणाने. अशा बरोबर ठरण्याचं काय करायचं हे मला अजून कळलेलं नाही. मी त्यांना म्हणाले, की तुमची काठी चुकली नव्हती, पाणी खाचेवरच होतं.

"एक बोट," काका म्हणाले. "तिनं तेवढीच टाच उचलली होती. मी खाली दाबली."

वाडीत कोणी त्यांना दोष दिला नाही. बारकीच्या आईनेही नाही. कोणी भांडलं असतं तर बरं झालं असतं असं मला वाटतं. निदान काकांना उत्तर द्यायला तरी काही मिळालं असतं.

पुढचा महिनाभर पावसाने फार त्रास दिला नाही. पण काकांची एक नवी सवय दिसली. सकाळी फळ्यांचं काम आटोपलं की ते वाडीभर फिरत आणि प्रत्येक घराच्या भिंतीला तळवा लावून उभे राहत. बायका आधी आपापली कामं करत राहिल्या. मग एक म्हातारी म्हणाली, "काय रं, भिंतीला ताप आलाय का?" काकांनी तिच्याही भिंतीला हात लावला आणि पुढे गेले.

सप्टेंबरात पुन्हा तसाच दिवस आला. पोरं उघाडीशी जमली. मी माझ्या बाजूला उभी. काकांनी काठी बुडवली, पाहिली, मग मागे वळून वाडीकडे पाहिलं. पुन्हा पाण्याकडे. काठी वर आली आणि अर्ध्यावर थांबली. आडवी नाही, उभी नाही, तिरपी. पोरांना ती गंमत वाटली, ती हसली. मग हसायची थांबली. काका तसेच उभे राहिले. शेवटी पाच पोरं पाण्यातून आली, पाच घरी गेली. कोणालाच काही झालं नाही.

मी संध्याकाळी त्यांना विचारलं, "काका, असं केलंत तर पोरांनी काय समजायचं?"

"इकडं पानी हाय, तिकडं भिंत हाय. पानी मोजता येतं. भिंत कोन मोजनार?"

मी त्यांना म्हटलं, यापुढे अशा प्रत्येक दिवशी मीही माझ्या टोकाला येऊन उभी राहते, दोघं मिळून ठरवू. त्यांनी मान हलवली, पण दोघं मिळून ठरवल्याने पाणी कमी होत नाही, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

पुढच्या जूनमध्ये पोरं जमली, आया जमल्या, पण काका काठी घेऊन नुसते बसून राहिले. कोयता कमरेलाच. "औंदा नाय," एवढंच म्हणाले. आया पोरांना घेऊन परतल्या. त्याच्या पुढच्या जूनलाही तेच. जुन्या खाचेवरच दोन पावसाळे गेले, बारकीच्या खाचेवर.

तिसऱ्या जूनमध्ये बारकीची आई धाकट्याला घेऊन आली. तो आता पहिलीत. तिने त्याला दगडावर उभं केलं, काकांच्या हातातली काठी घेतली, शेजारी टेकवली आणि थांबली. काका हलले नाहीत. तेव्हा तिने वाकून त्यांच्याच कमरेचा कोयता काढला. पोरगा घाबरून ताठ उभा होता, टाचा दगडाला चिकटलेल्या. तिने तरीही एका हाताने त्याचा घोटा चाचपून पाहिला. मग खाच पाडली. बहिणीच्या खाचेच्या थोडी वर आली.

काठी आणि कोयता तिने परत दिला. "आता चुकलं तं माजं," ती म्हणाली.

काका त्यानंतर पाच पावसाळे उघाडीवर होते. काठी पुन्हा उभी आणि आडवी होऊ लागली, पण ती धरायच्या आधी ते वाडीकडे वळून पाहायचे, ते काही सुटलं नाही. एका उन्हाळ्यात, फळ्या कोरड्या पडल्या असताना, ते आठ दिवस तापाने पडले आणि गेले. मी समाचाराला गेले तेव्हा त्यांच्या सुनेने सांगितलं, की जाण्याआधी काठीचं बजावून ठेवलं होतं. "माज्यासंगं जालून टाका म्हनाले. दुसऱ्याच्या हातात नको." तसंच केलं होतं.

त्याच जुलैत उधाणाचा पहिला मोठा दिवस आला. उघाडीवर नवा माणूस होता. तो फळ्या सांभाळायचा, पोरांशी त्याला देणंघेणं नव्हतं, आणि त्यात त्याची काही चूकही नव्हती. मी नेहमीप्रमाणे बांधाच्या माझ्या टोकाला गेले. पलीकडे नऊ पोरं रांगेने उभी होती, पुढे बारकीचा भाऊ, आता मोठ्यांत धरला जाणारा, एका लहानग्याचा हात धरून. पाणी किती होतं ते मला इथून कळत नव्हतं. वाऱ्यात हाक पोहोचत नव्हती. पोरं काठीच्या जागेकडे पाहत होती, मग माझ्याकडे पाहू लागली.

काहीतरी करायला हवं म्हणून मी हात वर केला.

हात वर केला की या असं होतं, आणि थांबा असंही होतं. पोरं तिथेच उभी राहिली, माझा हात बघत. तो खाली कसा आणावा हे मला समजेना.